अभिषेकीबुवांची सगळी गाणी ओळीने लावून ऐकली, त्याबद्दल

आधीच सांगते, हा एखाद्या सीडीचा किंवा बॉक्स सेटचा रिव्ह्यू नाहीये. पंडित जितेंद्र अभिषेकींचं जेवढं रेकॉर्डिंग आज आपल्यासारख्या साध्या श्रोत्याला मिळू शकतं, म्हणजे अॅपवरचं, यूट्यूबवरचं, घरात कपाटाच्या वरच्या खणात पडलेल्या कॅसेटींमधलं, कुणी पेन ड्राइव्हवर घालून दिलेलं, ते सगळं गोळा केलं आणि जमेल तेवढं वर्षाच्या क्रमाने लावून ऐकलं. मी फोंड्याची, कामाला पणजीला, त्यामुळे रोज जाता येता बसमध्ये कानात तेच. मंगेशीचा फाटा रोजच्या वाटेवरच लागतो. बुवांचा जन्म तिथलाच, १९२९ चा, आणि आमच्याकडे लहानपणापासून 'आपले बुवा' म्हणूनच ते नाव कानावर आलेलं, त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही हे गृहीत धरूनच पुढे वाचा.

तर मला मुद्दा असा मांडायचाय की बुवांचा संग्रह म्हणून जे विकलं जातं किंवा अॅपवर त्यांच्या नावाखाली जे दिसतं ते त्यांचं अर्धंच काम आहे. नाव टाकलं की येतं काय, काटा रुते कुणाला, हे सुरांनो चंद्र व्हा, सर्वात्मका सर्वेश्वरा, अबीर गुलाल, कैवल्याच्या चांदण्याला, शब्दावाचून कळले सारे आणि मग तीच परत दुसऱ्या कव्हरखाली. सुंदर आहेत सगळी, प्रश्नच नाही. पण हा माणूस स्वतः गाऊन जेवढा उरला त्याच्याइतकाच दुसऱ्यांच्या गळ्यात उरलाय. रामदास कामत, आशालता, वसंतराव देशपांडे, फैयाज, बकुल पंडित, प्रकाश घांग्रेकर यांच्या नावावर जी गाणी आपण ऐकतो त्यातली कितीतरी बुवांच्या चाली आहेत, आणि त्या संग्रहात घातल्या नाहीत तर बुवा कळतच नाहीत असं माझं स्पष्ट मत झालंय.

कारण खरी कमाल तिथे आहे. बुवा चाल बांधताना समोर गाणारा कोण आहे ते बघून बांधायचे. हे मी कुठे वाचून सांगत नाही, ऐकून सांगतेय, तुम्हीही एका बैठकीत मत्स्यगंधा आणि कट्यार काळजात घुसली या दोन नाटकांची गाणी लावा, लगेच कळेल.

मत्स्यगंधा १९६४ चं. नाटककार म्हणून त्यांच्या वाट्याला वसंत कानेटकर आले, आणि संस्था कुठली तर गोवा हिंदू असोसिएशन, मुंबईतल्या गोंयकारांनी १९१९ मध्ये काढलेली. आशालताबाई गोव्याच्या, रामदास कामत गोव्याचे, संगीतकार मंगेशीचा. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा आणि इकडची माणसं तिकडे मुंबईत मराठी संगीत नाटकाला नवा श्वास देत होती, हे आठवलं की मला अजून अभिमान वाटतो, आणि आमच्या इकडच्या शाळांतल्या पोरांना हे कुणी सांगत नाही याचं वाईटही वाटतं. असो.

गुंतता हृदय हे ऐका. रामदास कामतांचा आवाज मोकळा, खणखणीत, वर सहज जाणारा. चाल बरोबर त्यांना वर उडायला जागा ठेवते, पण उडाले की लगेच शब्दावर परत आणते. जुन्या नाट्यपदांत गवयाला एकदा मोकळं सोडलं की तो कधी परत येईल याचा भरवसा नसायचा, नाटक तिथेच थांबायचं, वन्समोअरवर वन्समोअर. इथे तसं होत नाही. पद चालू असताना पराशर, म्हणजे कामतांचं पात्र, पराशरच राहतो, तो मैफिलीतला गवई होत नाही. आता लगेच त्याच नाटकातलं गर्द सभोवती लावा. शब्द बालकवींचे, आवाज आशालताबाईंचा. त्या काही तालीम घेतलेल्या मोठ्या गायिका म्हणून नव्हत्या, गोड गळ्याची नटी. बुवांनी त्यांना तानेच्या वाटेला नेलंच नाही, सरळ साधी, गुणगुणत चालल्यासारखी चाल दिली, आणि ते गाणं एवढं त्यांचं झालं की पुढे त्यांनी स्वतःच्या पुस्तकाला तेच नाव दिलं. एकाच नाटकात, एकाच संगीतकाराकडून, दोन गळ्यांसाठी दोन वेगळी मापं!

आणि मग १९६७ चं कट्यार काळजात घुसली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, नाट्यसंपदाची निर्मिती. इथे तर नाटकाचा विषयच दोन गायक्यांचं भांडण, म्हणजे संगीतकाराने नुसत्या चांगल्या चाली देऊन भागणार नव्हतं, नाटकातल्या पंडितजींचं गाणं वेगळं वाटलं पाहिजे आणि खाँसाहेबांचं वेगळं, आणि प्रेक्षकातल्या राग न कळणाऱ्या माणसालाही ते कळलं पाहिजे. घेई छंद मकरंद हे एकच पद बुवांनी दोन चालींत बांधलं, एक सालगवराळीत आणि दुसरी धानीत. सालगवराळी हा मूळ कर्नाटकी राग, आणि त्यातली वसंतरावांची चाल म्हणजे फटाफट उड्या मारणारी, आक्रमक, अंगावर येणारी, तर धानीतली पंडितजींची चाल त्यापेक्षा शांत. शब्द तेच. दोन्ही पाठोपाठ ऐकली की नाटकाची अर्धी गोष्ट न बघताच कळते. मला विचाराल तर या सगळ्या संग्रहातलं एकच काहीतरी निवडायचं झालं तर मी ही जोडी निवडेन.

वसंतरावांसाठी केलेल्या चाली हा तर वेगळाच अभ्यासाचा विषय आहे. तेजोनिधी लोहगोल, या भवनातील गीत पुराणे, सुरत पिया की. वसंतराव म्हणजे कुठल्या क्षणी कुठे जातील सांगता येत नाही असा गवई, आणि बुवांनी त्या स्वभावालाच चालीत जागा दिली. जिथे रामदास कामतांना शब्दावर परत आणलं तिथे वसंतरावांना सोडून दिलंय, कारण खाँसाहेब हे पात्रच तसं आहे. ही पदं त्यांच्या गळ्यातून काढून दुसऱ्या कुणाला दिली तर काय होतं ते आपण टीव्हीवरच्या स्पर्धांत बघतोच. पोरं मेहनत करतात, छान गातात, पण माप दुसऱ्याचं आहे हे जाणवत राहतं. अपवाद आहेत. २०१० ला नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा राहुल देशपांडे, आणि २०१५ च्या सिनेमात महेश काळे, जे बुवांचेच शिष्य. सिनेमातली नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांची आहेत, तीही मला आवडली, पण थिएटरमधून बाहेर पडताना लोक गुणगुणत होते ती बुवांचीच.

मध्ये १९६६ राहिलं. त्या एका वर्षात दोन अगदी उलट स्वभावाची नाटकं आहेत. एक कुसुमाग्रजांचं ययाति आणि देवयानी, आणि दुसरं कानेटकरांचं लेकुरे उदंड जाली. ययातिबद्दल सगळे बोलतात, यतिमन मम मानत या आणि तम निशेचा सरला अजून आमच्याकडे जत्रेतल्या नाटकाआधी कुणीतरी गातंच. पण लेकुरे कुणी मोजत नाही. ते गंमतीचं नाटक, पात्रं बोलता बोलता गायला लागतात आणि गाता गाता बोलायला, आणि गाणारे श्रीकांत मोघेंसारखे नट, गवई नव्हेत. तिथे रागदारी वापरली असती तर नाटक मेलंच असतं. बुवांनी बोलण्याची जी नैसर्गिक चढउतार असते तिलाच जरा ताणून सूर दिलाय. ज्या माणसाने आग्रा घराण्याची तालीम घेतलेली, जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेला, त्याला इतकं कमी करून थांबता येणं हे मला तरी तेजोनिधीपेक्षा कमी अवघड वाटत नाही. या नाटकाचं रेकॉर्डिंग नीट आवाजात कुठेच सापडत नाही ही या संग्रहातली सगळ्यात मोठी उणीव.

त्यानंतर १९६८ चं हे बंध रेशमाचे, रणजित देसाईंचं नाटक आणि शांताबाई शेळक्यांची पदं. बकुल पंडितांचं सजणा का धरिला परदेश यातलंच. आणि काटा रुते कुणाला, स्वतः बुवांच्या आवाजातलं. १९६४ ते १९६८, म्हणजे जेमतेम चार वर्षांत ही पाच नाटकं, आणि सुरुवात केली तेव्हा माणसाने पस्तिशीही गाठली नव्हती. वर्षवार ऐकायचा हाच फायदा, सुटी सुटी ऐकताना हे डोक्यात येतच नाही.

काटा रुते बद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी फार लिहीत नाही, फक्त एक सांगते. ते गाणं ऐकताना सगळे त्यातल्या दुःखाबद्दल बोलतात, पण बुवा गाताना कुठेही रडत नाहीत. आवाज जरा नाकातून येणारा, पातळसा, फार मोठा नाही, रामदास कामतांच्या शेजारी ठेवला तर लहानच वाटेल. पण शब्द. प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारलेलं, कुठे चावलेलं नाही, कुठे सुरासाठी शब्द मोडलेला नाही. संस्कृत घेऊन पदवी झालेली, घरात वडील बाळूबुवा कीर्तनकार, त्यामुळे शब्द आधी पोचला पाहिजे हे रक्तातच असणार. सर्वात्मका सर्वेश्वरा ऐका, कुसुमाग्रजांचे एवढे जड शब्द, आणि एकदा ऐकून पाठ होतात. भैरवी आहे, पण कार्यक्रम संपवायला उरकलेली भैरवी नाही, खरोखर हात जोडलेली. हे सुरांनो चंद्र व्हा चारुकेशीतलं, तोही दक्षिणेकडून आलेला राग, आणि मराठी माणसाला आज चारुकेशी म्हटलं की आधी हेच आठवतं.

आता माझ्या सगळ्यात जवळचं. अबीर गुलाल. हे आमच्या गोव्यात भजनी सप्ताहात, कार्तिकात, चतुर्थीला, कुठेही वाजतं, घुमट (आमचं मातीचं तालवाद्य) नसलं तरी टाळ असतात आणि सगळे मिळून म्हणतात, पोरं नाचतात. उत्सवाचं गाणं म्हणूनच आम्ही लहानाचे मोठे झालो त्यावर. पण अभंग चोखोबांचा आहे. विठ्ठलाच्या दारात रंग उधळला जातोय आणि लिहिणारा उंबरठ्याच्या बाहेर उभा आहे, आपण जातिहीन, उंबऱ्याला शिवायचं कसं, असं तो त्यातच विचारतो. बुवांनी तिथे चाल बदलली नाहीये. कुणी दुसरा असता तर त्या ओळीला संथ केलं असतं, करुण सूर लावला असता, व्हायोलिन आणलं असतं. बुवा त्याच नाचऱ्या ठेक्यात तो प्रश्न विचारून पुढे जातात, आणि म्हणूनच तो टोचतो, कारण उत्सव त्याच्यासाठी थांबत नाही, थांबला नव्हताच कधी. आणि गाणारा कोण? ज्याच्या घराण्याचं मूळ आडनाव नवाथे, पण मंगेशाला अभिषेक करायचं काम म्हणून अभिषेकी झालेलं. गाभाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या घरातल्या माणसाने उंबऱ्याबाहेरच्या माणसाचा अभंग निवडावा, त्याला चाल द्यावी आणि स्वतः गावा. त्यांनी मनात काय धरून हे केलं ते मी सांगू शकत नाही, पण मला तरी हे ऐकताना दर वेळी ते आडनाव आठवतं.

भक्तिगीतांत अजून कैवल्याच्या चांदण्याला आहे, अशोकजी परांजप्यांचे शब्द, बुवांची चाल, बुवांचाच आवाज. आणि गोरा कुंभार नाटकातलं अवघे गर्जे पंढरपूर, शब्द परत परांजप्यांचेच, गायलंय प्रकाश घांग्रेकरांनी. हे दुसरं गाणं बुवांचं आहे हे माझ्या ओळखीतल्या निम्म्या भजनकऱ्यांना माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, लिहिलेलं असतं कुठे?

आणि इथे माझी तक्रार सुरू होते. मी जे अॅप वापरते त्यावर संगीतकाराचं नाव शोधायची सोयच धड नाही. गाण्यापुढे गायकाचं नाव, कधी नाटकाचं नाव, कधी तेही नाही, एका ठिकाणी तर नाटककाराचं नाव गायक म्हणून टाकलंय. उलट बाजूने गोंधळ असा की शब्दावाचून कळले सारे आणि माझे जीवन गाणे ही बुवांनी गायलीत म्हणून लोक चालही बुवांचीच धरतात, पण चाल पु. ल. देशपांड्यांची, शब्द मंगेश पाडगावकरांचे. पुलंच्या चालीत गाताना बुवा वेगळे लागतात, जरा हलके, हसरे, आणि ही दोन गाणी मुद्दाम त्यांच्या स्वतःच्या चालींच्या मधे लावून ऐकली तर गायक अभिषेकी आणि संगीतकार अभिषेकी वेगळे करून दिसतात. पण त्यासाठी चाल कुणाची हे आधी कळायला पाहिजे ना. श्रोत्याला सगळं आपलं आपण शोधून काढायला लावणं हा अन्यायच आहे, आणि जो माणूस दुसऱ्याच्या गळ्यातून बोलत होता त्याच्यावर तर जास्तच.

दुसरी गोष्ट आवाजाच्या क्वालिटीची. काही गाण्यांवर नंतर कुणीतरी एको चढवलाय, बुवांचा तो पातळ, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज मग हॉलच्या दुसऱ्या टोकावरून येतो. घरच्या जुन्या कॅसेटवर खरखर आहे पण आवाज जागच्या जागी आहे, मी तीच ऐकते. शिवाय तेव्हाच्या तबकडीवर वेळ कमी, त्यामुळे रंगमंचावर फुललेली पदं रेकॉर्डवर आटोपशीर झालीत. कट्यारच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. पण खरं सांगायचं तर बुवांच्या स्वतःच्या गाण्याला ते मानवलंय, त्यांना थोडक्यात सांगता यायचं.

ख्यालाची रेकॉर्डिंगंही ऐका, हे आवर्जून सांगते, कारण नाट्यगीतवाले ती सोडून देतात. मैफिलीतले बुवा थोडे कोरडे वाटतील सुरुवातीला, राग मांडताना घाई नाही, टाळ्यांसाठी काही नाही. मलाही ते लगेच चढत नाही, दोनतीनदा ऐकल्यावर चढतं. मात्र ते ऐकलं की नाटकातल्या चालींमध्ये रागाची कुठली बाजू घेतली आणि कुठली मुद्दाम टाकून दिली ते समजायला लागतं.

शिष्यांचं काम संग्रहात धरावं की नाही यावर आमच्या घरात वाद आहे. बाबा म्हणतात नाही. मी म्हणते थोडं तरी धराच, कारण प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, शौनक अभिषेकी, सगळ्यांचा आवाज वेगळा, लगाव वेगळा, कुणीही बुवांची नक्कल वाटत नाही. गळा बघून चाल देणारा माणूस शिकवतानाही गळा बघूनच शिकवत असणार. कारेकर तर आमचेच, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. बुवा स्वतः १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात गेले. पद्मश्री १९८८ ला आणि पुढच्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, हे झालं, पण संगीतकार म्हणून त्यांचं सगळं काम एका जागी, नीट नावांसकट, सालासकट, कुणी अजून लावून दिलेलं मला तरी मिळालेलं नाही. पणजीला त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, गर्दी होते, छान असतं सगळं, तिथेच बाहेर एक टेबल टाकून असा संग्रह मिळायला लागला तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी माझा क्रम देते, पटला तर घ्या. आधी सर्वात्मका आणि काटा रुते, म्हणजे आवाजाशी ओळख होईल. मग लगेच गुंतता हृदय आणि गर्द सभोवती, बुवा दुसऱ्यांना कसे गायला लावतात ते. मग दोन्ही घेई छंद. मग जरा विश्रांती घ्या, पुलंच्या चालीतली दोन गाणी ऐका. अबीर गुलाल शेवटी नको, मधेच ठेवा, आणि एकट्याने ऐका, भजनात म्हणतो तसं नाही, शब्द धरून. ज्यांना नाट्यसंगीत म्हणजे लांबलचक ताना अशी भीती आहे त्यांनी तर इथूनच सुरू करावं. ज्यांना फक्त ताना हव्यात त्यांनी वसंतरावांची पदं घ्यावीत, बाकी थोडं साधं वाटेल त्यांना.

मार्क द्यायचे तर संगीताला पाचपैकी पाच, त्यात मी काही कमी करणार नाही. आज ते ज्या अवस्थेत मिळतं त्याला पाचपैकी दोन, तेही यूट्यूबवर जुन्या तबकड्या आणि आकाशवाणीची टेपं स्वतः खपून चढवणाऱ्या लोकांमुळे. कुणाकडे लेकुरे उदंड जालीचं चांगलं रेकॉर्डिंग असेल, किंवा गोव्यातल्या जुन्या मैफिलींच्या टेप घरात पडून असतील तर कृपा करून वेळेत डिजिटल करून घ्या, आमच्या हवेत टेपला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. आणि चढवताना चाल कुणाची ते लिहा.